मनोरमाचा सव्वा महिना

दिवाळी झाली आणि आमच्या मनोरमाला हुडहुडी भरली. मनोरमा म्हणजे मनोरमा अपार्टमेंट, नाशिकला गंगापूर रोडवरून आत वळलं की शाळेच्या मागे दिसते ती आमची चार मजली इमारत. थोडी थंडी तिला दरवर्षीच वाजते. सकाळी मांडणीतले पेले किणकिणतात, भिंतीवरचे फोटो तिरके होतात, आणि ऊन वर आलं की ती शांत होते. आम्ही काचेच्या बरण्या दसऱ्यालाच खाली काढून ठेवतो. यंदा मात्र भर दुपारीही तिचं थरथरणं थांबेना. पार्किंगमधल्या खांबांवर काटा आला होता. मी हात फिरवून पाहिला तर गिलाव्यावर बारीक बारीक उठलेलं हाताला लागलं. जिने आखडले होते. पाऊल आडवं ठेवून चढावं लागत होतं, आणि पहिल्या मजल्यावरची एक पायरी तिने आत ओढून घेतली ती पुन्हा बाहेर काढलीच नाही.

मला त्या दिवसांत खरं तर मान वर करायला फुरसत नव्हती. माझी मुलगी केतकी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि पाडव्याला तिला बाळ झालं होतं. जावई मस्कतला. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या घरात केतकी, बाळ आणि मी, एवढेच. मला कामात कुचराई खपत नाही. बाळंतिणीचं तर मी सगळं साग्रसंगीत करते, कुणी हसलं तर हसू देते. बाजेखाली कोळशाची शेगडी, सकाळी तिळाच्या कोमट तेलाने अंग रगडणं, मग ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, पोट जुन्या साडीने घट्ट बांधायचं, कानात कापूस, डोक्याला रुमाल, आणि वर डिंकाचा लाडू.

"आई, तू मला लोणच्यासारखी मुरवायला ठेवलीयेस," केतकी म्हणायची.

"सव्वा महिना. त्याच्या आत बाहेरचा वारा लागायला नको. नंतर मोकळी आहेस."

ती हसायची आणि बाळाला जवळ घ्यायची. तिला भरपूर दूध होतं, बाळ पिऊन तट्ट व्हायचं, आणि शेगडीच्या उबेत दोघंही झोपून जायची. मी दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत राहायची. इतकं सुख मला फार वर्षांत झालं नव्हतं.

इमारतीसाठी मीटिंग बोलावली ती आमचे सेक्रेटरी निकुंभ भाऊ यांनी. तहसील कचेरीतून रिटायर झालेला माणूस. कुठल्याही गोष्टीचा ठराव केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. खुर्च्या थरथरून जागेवर राहत नव्हत्या म्हणून सगळे आपापल्या स्कूटरवर बसले होते.

"सगळं करून झालंय," निकुंभ भाऊ म्हणाले. "गच्चीच्या भेगा भरल्या, खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या, पाइपांना गोणपाट गुंडाळलं. मिस्त्री येऊन बघून गेला. तो म्हणतो, बाहेरून काही राहिलेलं नाही. तिला आतूनच थंडी वाजतेय."

"आतून वाजत असेल तर बाळंतिणीसारखं जपायला पाहिजे तिला," मी म्हणाले.

मी हे घाईत बोलून गेले. वर कुकर लावून आले होते. पण सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि निकुंभ भाऊंनी खिशातून पेन काढलं.

"म्हणजे नक्की काय काय करायचं वहिनी, जरा सांगता का?"

आपल्याला कुणी विचारलं की बरं वाटतं. मी सगळं सांगितलं, तेलापासून लाडवापर्यंत. एक गोष्टसुद्धा गाळली नाही. समोरच्या फ्लॅटमधली हर्षदा शिरोडे म्हणाली, "काकू करतात तसंच करू, केतकी किती छान दिसतेय बघा." ठराव एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळी बिऱ्हाडं कामाला लागली. पातेल्यांतून तिळाचं तेल कोमट केलं आणि ज्याच्या त्याच्या मजल्याच्या भिंती ज्याने त्याने रगडायला घेतल्या. मी फिरून दाखवत होते: वरून खाली नाही, खालून वर, आणि तळहाताने, बोटांनी नव्हे. भिंती सुरुवातीला खरखरीत लागल्या. मग तेल आत मुरायला लागलं, एकसारखं मुरत राहिलं, आणि हाताखाली काहीतरी सैल होत गेलं. हर्षदा म्हणाली, "काकू, ही किती आखडली होती हो." पार्किंगमध्ये मोठ्या घमेल्यात निखारे करून त्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्या. धूर जिन्याजिन्याने वर गेला. गच्चीवर जिन्याला हवा येण्यासाठी दोन बाजूंना दोन जाळ्या आहेत. त्यांत कापूस कोंबला. टाकीला रुमाल बांधला, सहा चादरी जोडून केलेला. प्रत्येक घरातून जुन्या साड्या आल्या होत्या. त्यांतल्या लांब साड्यांनी आम्ही दुसरा मजला बाहेरून आवळून बांधला, कारण पोट सैल सोडून चालत नाही. उरलेल्या साड्यांची बायकांनी गोधडी शिवली आणि ती गेटपासून सज्ज्यापर्यंत पांघरली. कडेचा धावदोरा मी स्वतः घातला. तो दुसऱ्या कुणावर सोपवायला माझं मन होईना.

लाडू खाली पोस्टाच्या पेट्यांमध्ये ठेवले, पेटीगणिक एक. सकाळी पेट्या रिकाम्या होत्या. आणि इमारत थरथरायची थांबली होती. जिना पूर्वीसारखा रुंद झाला होता. खांब गुळगुळीत. निकुंभ भाऊंनी पार्किंगमध्ये सगळ्यांदेखत माझे आभार मानले. मी "अहो त्यात काय" असं म्हणाले, पण वर येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

पहिल्यांदा लक्षात आलं ते तेल. केतकीला तेल लावायला बसले तर ते तिच्या अंगात जिरेना. पाठीवरून ओघळून बाजेवर सांडलं. मी पुन्हा ओतलं, पुन्हा ओघळलं. मला वाटलं, तेल बदललंय. मग उठताना भिंतीला हात टेकला तर भिंत तेलाने चपचपीत होती. घरातल्या त्या भिंतीला कुणी तेल लावलेलं नव्हतं. शेजारच्या भिंतीला बाळ चिकटून झोपलं होतं. ती भिंत उबदार होती आणि हळूहळू वरखाली होत होती.

"आई, शेगडी विझलीय का?" केतकीने विचारलं.

शेगडी चांगली फुललेली होती. मी आणखी कोळसे घातले. भिंतीवर घाम आला आणि केतकीचे दात वाजायला लागले.

लाडू तिने एक घास खाऊन ठेवून दिला. खडूसारखा लागतोय म्हणाली. मी चाखून पाहिला, तो लाडवासारखाच लागत होता. कानातला कापूस राहीना, कोंबला की बाहेर पडायचा. पोटाला बांधलेली साडी सैल होऊन खाली यायची. मी दिवसभर तिचं बांधत होते आणि ते सुटत होतं. दोन-तीन दिवसांत तिचं दूध कमी झालं. आधी मी अळीव दिले, मग खसखशीची खीर, मग शतावरी. ती सगळं मुकाट्याने गिळत होती. बाळ ओढून ओढून थकायचं आणि मान फिरवून भिंतीकडे तोंड करायचं.

मग तिच्या खांद्यावर पोपडा आला. मी तो पुसायला गेले तर सुटून हातात आला. खाली पिस्ता रंग दिसला. आमच्या त्या खोलीला आधी पिस्ता रंगच होता.

"दुखतंय का गं?"

"नाही," केतकी म्हणाली. "गार लागतंय फक्त. आई, ही भिंत जवळ आलीय का?"

भिंत जवळ आली होती. बाज आणि भिंत यांच्यामध्ये पूर्वी मी उभी राहायची, आता हातसुद्धा जात नव्हता. मी बाज अलीकडे ओढली. दुपारपर्यंत भिंत पुन्हा बाजेला येऊन टेकली होती, बाळाच्या बाजूने.

मी घाबरले. इतकी की हातातलं भांडं खाली ठेवायचं सुचेना. जावयांना फोन लावला. ते उचलत होते, "हॅलो, हॅलो, बोला ना आई" म्हणत होते, आणि माझा एक शब्दही त्यांना ऐकू जात नव्हता. मी खिडकीशी जाऊन रस्त्यावरच्या भाजीवाल्याला हाक मारली. जोरात मारली. त्याने मान वर केली नाही. आमच्या इमारतीतून बाहेर आवाजच जात नव्हता. इमारतीच्या कानात कापूस मी घालायला लावला होता, कुठल्या कानाने ऐकू येतं आणि कुठल्याने बोलता येतं याचा विचार केला नव्हता. कापूस काढायला गच्चीकडे गेले तर चौथ्या मजल्यानंतरचा जिना दिसेना. तिथे गुळगुळीत, तेल लावलेली भिंत होती.

मी निकुंभ भाऊंकडे गेले. ते नुसत्या बनियनमध्ये बसून पेपर वाचत होते. डोक्यावर पंखा चालू होता, मार्गशीर्ष तोंडावर आलेला असताना.

"भाऊ, हे थांबवा," मी म्हणाले. "माझी केतकी गार पडत चाललीय. इमारतीला जे देतो ते तिच्यातून जातंय."

त्यांनी पेपरची घडी घातली. माणूस वाईट नाही. त्यांनी मला पाणी दिलं, बसायला सांगितलं.

"वहिनी, मध्येच थांबवलं तर काय होतं?"

मी पाण्याचा पेला हातात फिरवत राहिले.

"तुम्हीच सांगितलंत मीटिंगमध्ये. बाळंतिणीचं मध्येच सोडलं की वाताचा झटका येतो, आयुष्यभराचं दुखणं लागतं. मी लिहून घेतलंय. आता हिला झटका आला तर? चार मजले आहेत. वर माणसं आहेत."

"पण माझी मुलगी जाईल भाऊ."

"कुठे जाईल?" ते म्हणाले. "इथेच तर आहे ती."

त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं आणि त्याचाच मला राग आला. मी पाणी न पिता उठले.

घरी आले तर केतकीच्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत भेग गेली होती. आतून गार हवा येत होती. मी आधी कोकमतेल लावलं, टाचांना लावतो तसं. भेग वाढली. मग मी बाल्कनीतला डबा उघडला, वाटीभर पांढरं सिमेंट कालवलं आणि बोटाने भेगेत भरलं. केतकीने डोळे मिटले.

"हां. आता बरं वाटतंय," ती म्हणाली.

कितीतरी दिवसांनी तिला कशाने तरी बरं वाटलं होतं. मी वाटी हातात धरून तिथेच बसले आणि रडले. ती मला समजावत होती, पण तिचा हात उचलत नव्हता.

त्याच दुपारी मी ठरवलं की सव्वा महिना गेला उडत, हिला घेऊन बाहेर पडायचं. माझी बहीण पंचवटीत राहते, तिच्याकडे जायचं. बाळाला कुंची घातली, दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं, केतकीला उठवलं. ती जड झाली होती. तिचे पाय उचलायला दोघींना जोर लावावा लागला. दर दोन पायऱ्यांनी ती भिंतीला टेकत होती, आणि टेकली की सुटायला वेळ लागत होता. एकदा तिच्या गाऊनचा मागचा तुकडा भिंतीतच राहिला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आलो. तिथे अंधार होता, साड्या बांधल्या होत्या म्हणून. जिना तिथे इतका आवळलेला होता की मला श्वास पोटात धरून पुढे सरकावं लागलं. केतकी मात्र आरामात गेली. भिंतीने तिच्यासाठी जागा केली.

गेटला गोधडी होती. मी ती बाजूला करायला गेले तर ती बाजूला होईना. कडा गेटला शिवलेल्या होत्या. टाके लहान, एकसारखे, अजिबात न उसवणारे. माझाच धावदोरा. मी गेटला तो घातलेला नव्हता, पण हात माझाच होता, ओळखू येत होता. कमरेला खोचलेली कात्री काढली आणि पहिला टाका कापला.

सगळी इमारत एकदम आत ओढली गेली. दुखऱ्या जागी हात लावल्यावर कुणी अंग ओढून घेतं तशी. पार्किंगचं छत खाली आलं आणि माझ्या अंबाड्याला टेकलं. वर दारं उघडल्याचे आवाज आले. हर्षदा खाली आली, तिच्यामागे निकुंभ भाऊ, आणखी दोघं-तिघं. सगळ्यांनी सुती कपडे घातले होते आणि सगळे छान दिसत होते.

"काकू, काय करताय?" हर्षदा म्हणाली. "ओली बाळंतीण आहे. वारा लागेल ना तिला."

"तेच म्हणतेय मी. म्हणूनच घेऊन चाललेय."

"कुणाला?"

"केतकीला."

हर्षदाने मी दाखवत होते तिकडे पाहिलं. केतकी खांबाला टेकून उभी होती. हर्षदाची नजर तिच्यावरून गेली, आणि जशी गेली तशी पुढे खांबावर गेली, कुठेही न अडखळता. "कुठे आहे?" ती म्हणाली. चेष्टेत नाही. ती चेष्टा करणाऱ्यांतली नाहीच. केतकीच्या डिलिव्हरीच्या वेळी रिक्षा तिनेच आणली होती.

"मी इथे आहे गं," केतकी म्हणाली.

"बाळ रडतंय का?" हर्षदाने विचारलं. बाळ रडत नव्हतं. "द्या काकू, मी घेते वर. एवढ्या लहान बाळाला कुणी खाली आणतं का?"

मी बाळ दिलं नाही. पण कात्रीही पुन्हा चालवता आली नाही. निकुंभ भाऊंनी ती माझ्या हातातून हलकेच काढून घेतली आणि मला वर पोचवायला आले. केतकीला आम्ही वर कसं नेलं ते मला आठवत नाही. मी पुढे चालत होते, मागे वळून पाहिलं की ती जवळच्या भिंतीशी उभी असायची.

बारसं आमच्याच घरी झालं. मी कुणाला बोलावलं नव्हतं. सकाळी दार उघडं होतं आणि बायका येत होत्या, हातात झबली, टोपडी, घुगऱ्यांची भांडी. हर्षदाने पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या. केतकीच्या नणंदा कुणी येऊ शकत नाहीत म्हणून आत्याचा मान माझाच, असं तिने सांगून टाकलं. सगळं ती हौसेने करत होती. खोली आता पाळण्यापुरती उरली होती. बायका दारापासून जिन्यापर्यंत दाटीवाटीने उभ्या होत्या आणि कुणाचीच त्याबद्दल तक्रार नव्हती. मी केतकीला नवी साडी नेसवली होती, हिरवी, तिच्या आवडीची. ती दाराच्या उजव्या हाताला उभी होती. तिला बसता येत नव्हतं. सकाळपासून मी तिला तीन वेळा म्हटलं होतं, बाळाला घेऊन बघ एकदा. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "आई, दूध नाहीये. तू धर त्याला." तिचे ओठ फार थोडे हलले.

आत येणाऱ्या एका बाईने हातातली पिशवी केतकीच्या खांद्याला अडकवली आणि दोन्ही हात मोकळे करून पाळण्याकडे गेली. मी पिशवी काढून खाली ठेवली. दुसरीने शाल अडकवली. मी ती काढत होते, तोपर्यंत हर्षदाने ओटीचं ताट आणलं होतं.

"आधी आईची ओटी भरू," ती म्हणाली.

तिने तांदूळ, नारळ, खण उचलला आणि ओटी पाळण्यामागच्या भिंतीची भरली. भिंतीने पुढे येऊन घेतली. बायकांनी भिंतीला हळदकुंकू लावलं. सगळ्या खुशीत होत्या, कुणी डोळे पुसत होत्या, "किती सोसलं बिचारीने थंडीत," असं म्हणत होत्या.

"आई तिकडे नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "ही आहे आई. ही बघा. हिने जन्म दिलाय त्याला. ही उभी आहे इथे."

 मग एकीने दुसरीला हळूच सांगितलं की काकू फार दमल्यात. हर्षदा माझ्याजवळ आली, तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यात बाळ रडायला लागलं.

ते आदल्या संध्याकाळपासून उपाशी होतं. वरचं दूध मी कापसाने पाजून पाहिलं, ते ओकलं होतं. रडणं सुरुवातीला मोठं होतं, मग बारीक झालं, मग नुसतं तोंड उघडत होतं आणि आवाज येत नव्हता. मी त्याला उचललं आणि केतकीच्या छातीशी नेलं. त्याने तोंड लावलं, आणि लगेच काढलं. ओठांवर पांढरी भुकटी होती. मी ती पदराने पुसली. पुन्हा लावलं. त्याने मान फिरवली. त्याची मान फिरायची ताकद कमी होत होती, ते मला हातात कळत होतं.

"आई," केतकी म्हणाली, "दे त्याला."

"नाही."

"मरेल तो. दे."

पाळण्यामागच्या भिंतीला ओल आली होती. ती छताकडून आली नव्हती, पाइपाकडूनही नव्हती. भिंतीच्या मधोमध, माझ्या छातीइतक्या उंचीवर, एक गोल डाग हळूहळू मोठा होत होता. मी त्याला बोट लावून चाखलं. कोमट होतं, गोडसर होतं. बाळंतशेपांचा वास येत होता.

मी बाळाला दोन्ही हातांनी धरलं आणि त्याचं तोंड तिथे नेलं. त्याला शोधावंही लागलं नाही. ते चुटूचुटू प्यायला लागलं. त्याचे पाय, जे सकाळपासून लोंबत होते, ते दुपट्यात हलले. मागे बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. मला रडू येत होतं आणि त्याचं पोट भरतंय याचा आनंदही होत होता, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही खरं होतं. डाग त्याच्या गालाभोवती मऊ होत गेला. माझ्या बोटांभोवतीही. मी हात काढून पाहिला, निघाला नाही. जोर लावला असता तर निघाला असता, पण मग बाळाची मान कोण धरणार होतं.

"वहिनी," मागून निकुंभ भाऊंचा आवाज आला, "ही दाराजवळची भिंत राहिली वाटतं. फारच पोपडे आलेत. बाळाच्या खोलीत असं बरं नाही."

मी जेवढी वळली तेवढी मान वळवली. त्यांच्या एका हातात भेगा भरायच्या लांबीचा डबा होता आणि दुसऱ्या हातात पत्रा, रंगारी भिंत खरवडायला वापरतात तो, धारेचा. कुणीतरी हिरवी साडी केतकीच्या अंगावरून ओढून घेतली, खराब होऊ नये म्हणून, आणि घडी घालून ठेवली. केतकी माझ्याकडे बघत होती.

"भाऊ, थांबा," मी म्हणाले. "हात लावू नका. मी येते. मी आलेच."

"तुम्ही बाळाचं बघा," ते प्रेमाने म्हणाले. "हे मी करतो."

मी बाळाला मागे ओढलं. त्याने तोंड सोडलं नाही. त्याने दोन्ही मुठींनी भिंत धरली होती, आणि भिंतीने त्याला धरलं होतं, आणि ते इतक्या समाधानाने पीत होतं की त्याच्या कपाळावर घाम आला होता. मागे पत्र्याचा पहिला आवाज झाला, वरून खाली, लांब. काहीतरी फरशीवर पडून फुटलं.

"आई," केतकी म्हणाली.